विषाचे नेमके नाव

नेरडीगोंड्याच्या बाजूचा कापूसवाला कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. पऱ्हाटीवर मावा दिसला की औषध मारायचे, बोंडअळी आली की जास्त मारायचे. त्याचा तेलुगू शेजारी त्याच बाटलीला 'मंदू' म्हणतो. तेलुगूत मंदू म्हणजे औषध, फवारायचे द्रव आणि दारूसुद्धा. दोन्ही भाषांनी या वस्तूला चांगलेच नाव देऊन ठेवले आहे. त्या बाटलीतल्या रसायनाचे कुळ शोधत गेलो तर वाट १९३६ सालच्या जर्मनीत जाते आणि तिथून रासायनिक अस्त्रांच्या कोठारात.

नेरडीगोंडा हे गाव आदिलाबाद आणि निर्मल यांच्या साधारण मधोमध, ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. बाहेरचे लोक इथे वळतात ते कुंटाला धबधब्यासाठी. रस्त्याने दक्षिणेला गेले की हैदराबाद. तिथल्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेची एक प्रयोगशाळा हेगमधल्या रासायनिक अस्त्र प्रतिबंध संघटनेच्या तपासणी यादीत होती. उत्तरेला आदिलाबाद मागे टाकून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथे २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर शेकड्यांनी दवाखान्यात आले. विष ओळखण्याच्या पद्धतींचा आढावा घ्यायला दिल्ली किंवा हेगपेक्षा मला हा रस्ता बरा वाटतो. ओळखण्याच्या शिडीची वरची पायरी आणि खालची पायरी, दोन्ही याच रस्त्यावर सापडतात.

गेऱ्हार्ट श्राडर हा जर्मन रसायनतज्ज्ञ किडीसाठी नवे औषध शोधत होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याच्या हाती जे लागले त्याला पुढे टाबुन म्हणू लागले. काही दिवसांनी प्रयोगशाळेत त्याचा थेंब सांडला. श्राडर आणि त्याच्या सहायकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, दिव्याचा उजेड मंद वाटू लागला, श्वास घेणे जड गेले. या कुळातल्या अस्त्राची पहिली ओळख अशी माणसाच्या डोळ्याने पटवली. १९३८ मध्ये सरिन आले. पुढे १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका कंपनीत रणजित घोष यांच्या कीटकनाशक संशोधनातून अमिटॉन निघाले. ते बाजारात आले, फार जहाल निघाले म्हणून मागे घेतले गेले, आणि त्याच धाग्यावरून लष्कराने व्हीएक्स गाठले. शेताचे विष आणि युद्धाचे विष ही अशी चुलत भावंडे आहेत. दोघांचा घाव एकाच जागी बसतो. नसेने स्नायूला दिलेला निरोप संपल्यावर तो पुसून टाकणारे अॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर असते. ते बंद पडले की निरोप पुसलाच जात नाही. लाळ, घाम, उलट्या, झटके आणि शेवटी श्वास थांबणे, हे सगळे त्यातून येते.

सिनेमात यंत्र 'टूं' वाजते आणि पडद्यावर विषाचे नाव येते. प्रत्यक्षात तीन निरनिराळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे निरनिराळी माणसे, निरनिराळ्या वेळी देतात. हवेत काही आहे का? असेल तर कुठल्या कुळातले? आणि नेमके कोणते, इतके नेमके की समोरच्या देशाचा वकीलही ते नाकारू शकणार नाही? पहिल्या प्रश्नाला सेकंद मिळतात, दुसऱ्याला मिनिटे, तिसऱ्याला दिवस. या तिन्हींची गल्लत केली की एक तर फुकाची घबराट होते, नाही तर एखादा निरपराध माणूस अडकतो.

नाकापासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ क्लोरीन सोडला गेला, त्यानंतर सैनिकांना वास शिकवले जाऊ लागले. फॉस्जीनला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, मस्टर्डला लसूण-मोहरीचा. नाकाची अडचण अशी की वास आला म्हणजे विष आत गेलेच, आणि शुद्ध सरिनला तर वासच नाही. तरीही ही पद्धत संपलेली नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरिन सोडल्यानंतर दोन दिवसांनी जपानी पोलिसांनी तो हल्ला करणाऱ्या पंथाच्या ठाण्यांवर छापे घातले, तेव्हा पुढच्या तुकडीच्या हातात कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे होते. यंत्रे बनवण्यात जगाला मागे टाकणारा देश, आणि भरवसा पिवळ्या चिमुकल्या पाखरावर.

नाकानंतर कागद. सैनिकाच्या बाहीवर किंवा गाडीवर चिकटवायच्या शोधक कागदात वेगवेगळे रंग दडवलेले असतात आणि द्रवाचा थेंब पडला की त्यातला एखादा विरघळून वर येतो. साधारणपणे मस्टर्डला लाल, सरिनच्या जातीला पिवळा, व्हीएक्सच्या जातीला गडद हिरवा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने आपल्या सैन्यासाठी असा तीन रंगांचा कागद बनवला आहे. ही संस्था वाढली ती शिंद्यांच्या ग्वाल्हेरमधल्या 'जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळे'च्या मुळावर. कागद स्वस्त, त्याला बॅटरी लागत नाही आणि निरक्षर जवानालाही तो वाचता येतो. पण वाफ त्याला कळत नाही, आणि काही सॉल्व्हंट, काही इंधनेही त्यावर रंग उमटवतात.

वाफेसाठी दुसरी युक्ती आहे, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. जे विकर शरीरात मरते, तेच एका छोट्या चकतीवर बसवायचे. चकती हवेत धरायची, मग तिला दुसऱ्या रसायनाच्या चकतीवर दाबायची. विकर जिवंत असेल तर रंग येतो, मेले असेल तर चकती पांढरीच राहते. म्हणजे रंग उमटला तर निर्धास्त, न उमटला तर मुखवटा चढवा. इथे माणसाऐवजी विकराचा एक कण बळी जातो. खोट एवढीच की हे विकर सरिनने मेले की शेतातल्या मोनोक्रोटोफॉसने, हे चकती सांगू शकत नाही. तिला बळी गेल्याचे कळते, मारेकऱ्याचे नाव कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात, फवारणीच्या ऐन भरात कापसाच्या ताज्या फवारलेल्या शेतात तुम्ही ती चकती धरलीत तर ती पांढरी राहण्याचीच शक्यता. युद्ध नसताना युद्धाचा इशारा.

हातात धरायच्या यंत्रांतही हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र हवेतल्या रेणूंना विद्युतभार देते आणि विद्युतक्षेत्रात त्यांची शर्यत लावते. जड-बोजड रेणू मागे राहतात, चपळ पुढे जातात, आणि पोचायला लागलेल्या वेळेवरून ओळख ठरते. विमानतळावर पिशवीवरून फडके फिरवून स्फोटके शोधतात तेही बऱ्याचदा याच तत्त्वावर. दुसऱ्या एका जातीचे यंत्र नमुना हायड्रोजनच्या ज्योतीत जाळते. फॉस्फरस असेल तर हिरवट उजेड दिसतो, गंधक असेल तर निळसर. दोन्ही यंत्रे वेगवान आहेत, दोन्ही भाबडी आहेत. डिझेलचा धूर, अत्तर, साफसफाईचे द्रव, कीटकनाशके, यांतले काहीही त्यांना चकवू शकते. अवरक्त किरण आणि रामन पद्धतीची यंत्रे ओळखण्यात अधिक नेमकी, रामनचे यंत्र तर बाटली न उघडता काचेतून आतले द्रव वाचते, पण हवेतल्या अगदी थोड्या अंशासाठी ती सहसा अपुरी पडतात.

महामार्गावर याहूनही साधी एक ओळख असते आणि टोलनाक्यावर थांबणाऱ्याला ती रोज दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर माहितीचा फलक लावावा लागतो आणि त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला चार आकडी क्रमांक असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, ३०१८ म्हणजे विषारी द्रवरूप ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक. टँकर उलटला तर पोलीस किंवा अग्निशमनवाल्याने दुर्बिणीतून तो आकडा वाचावा, ही जगातली सर्वांत जलद रासायनिक चाचणी आहे. अट एकच, फलक खरा हवा आणि पुसट नको.

कुळ सापडले म्हणजे नाव सापडले असे नाही, याचा धडा जपानमधल्या मात्सुमोतो शहराने दिला. २७ जून १९९४ च्या रात्री तिथल्या वस्तीत माणसे गुदमरून मेली. ज्याने मदतीसाठी फोन केला, ज्याची बायको बेशुद्ध पडली, त्याच रहिवाशाच्या घरात काही रसायने सापडली. त्याने कीटकनाशक कालवताना हा अपघात केला, अशी बातमी पसरली. ३ जुलैला जवळच्या तळ्यातल्या पाण्याच्या तपासणीवरून सरिनचे नाव जाहीर झाले. सरिन घरच्या डब्यांतून कालवून होत नाही, हे रसायनशास्त्र सांगत होते. तरीही त्या माणसावरचा संशय पुढच्या वर्षी टोकियोतला हल्ला होईपर्यंत पुरता फिटला नाही. टोकियोत २० मार्च १९९५ च्या सकाळी तर अग्निशमन दलाकडून रुग्णालयांना आधी अॅसिटोनायट्राइल असे नाव कळले होते. पोलिसांनी सरिन जाहीर केले ते सुमारे तीन तासांनी, आणि डॉक्टरांना ते टीव्हीवरून समजले. दरम्यान त्यांनी रुग्णांच्या बारीक झालेल्या बाहुल्या पाहून अॅट्रोपिनचा उतारा सुरू केला होता. श्राडरच्या डोळ्यांनी सांगितलेले तेच.

आता तिसरा प्रश्न. हा सगळ्यांत सावकाश सुटतो आणि इथेच खरी कारागिरी आहे.

नमुना म्हणजे माती, पाणी, रबराचा तुकडा, रंगाचे पापुद्रे, रक्त, लघवी. आपल्याकडे बातमीत 'व्हिसेरा राखून ठेवला' असे वाक्य येते, त्यातला 'राखून' हा शब्द महत्त्वाचा. बाटलीला मोहोर, मोहोरेचा पंचनामा, कोणी कोणाच्या हाती कधी दिली याची सलग नोंद. ही साखळी एका जागी तुटली तर पुढचे कोट्यवधींचे यंत्र व्यर्थ. मग नमुन्यातले रसायन वेगळे काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. ही केसासारखी बारीक नळी असते, बहुधा तीस मीटर लांब, गुंडाळून ठेवलेली. तिच्या आतल्या लेपाला काही रेणू चिकटून रेंगाळतात, काही सरळ निघून जातात, आणि गर्दीतली माणसे एकेक करून दारातून बाहेर यावीत तसे ते बाहेर पडतात. दाराशी मास स्पेक्ट्रोमीटर उभा. तो प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा करतो, रेणू फुटतो, तुकड्यांचे वजन मोजले जाते. प्रत्येक रेणू आपल्या ठरावीक रीतीनेच फुटतो, म्हणून तुकड्यांचा तो नकाशा बोटाच्या ठशासारखा वापरता येतो. हा ठसा रासायनिक अस्त्र प्रतिबंध संघटनेच्या संग्रहातल्या ठशांशी ताडून पाहतात.

यात एक मोठा काटा आहे. सरिन पाण्यात, ओलसर मातीत टिकत नाही. तपासनीस पोचेपर्यंत त्याचे विघटन होऊन आम्ले उरलेली असतात, आणि आम्ले नळीत उडत नाहीत. मग त्यांना रासायनिक पंख लावावे लागतात, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी जोडून उडण्याजोगे करावे लागते. किंवा उडवण्याचा आग्रह सोडून द्रवातच वेगळे करणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि तिला जोडलेले दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर वापरायचे. गेल्या दोन-तीन दशकांत कामाचा मोठा भार या दुसऱ्या वाटेवर आला आहे. तिसरी साक्ष न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सची. ते यंत्र फॉस्फरसच्या अणूला विचारते, तुझे शेजारी कोण?

हा शेजाऱ्याचा प्रश्न निर्णायक आहे. सरिन, सोमान, व्हीएक्स यांच्यात फॉस्फरसला मिथिल गटाचा कार्बन थेट जोडलेला असतो. शेतातल्या बहुतेक ऑर्गनोफॉस्फरस औषधांत तसे नसते. तिथे फॉस्फरसभोवती ऑक्सिजन आणि गंधकाचीच दाटी असते. हा फॉस्फरस-कार्बन जोड चिवट आहे. बाकी रेणू झिजतो, पण हा सुटत नाही. शिवाय विघटनातून उरलेल्या आम्लाला कोणते शेपूट चिकटले आहे त्यावरून मूळ विष कळते. आयसोप्रोपिलचे शेपूट सरिन सांगते, पिनाकोलिलचे सोमान. टाबुन मात्र या नियमाला अपवाद आहे. कुळातला थोरला, पण त्याच्यात मिथिलचा हा जोड नाही.

या चिवटपणाचा सर्वांत मोठा पुरावा उत्तर इराकमधल्या बिरजिन्नी या कुर्द गावात मिळाला. तिथे ऑगस्ट १९८८ मध्ये बॉम्ब पडले. १९९२ मध्ये, म्हणजे चार पावसाळे-हिवाळे उलटून गेल्यावर, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाने खड्ड्यांतली माती आणि धातूचे तुकडे आणले. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेने त्यात सरिनचे अवशेष आणि मस्टर्डच्या खुणा दाखवून दिल्या. माती विसरत नाही, असे शेतकरी म्हणतात ते वेगळ्या अर्थाने. इथे ते अक्षरशः खरे ठरले.

क्लोरीनचे उलटे आहे. तो वायू निघून जातो आणि मागे ठेवतो ते क्लोराइड, जे मिठात, घामात, सगळीकडेच असते. म्हणून सीरियातल्या तपासांत रसायनतज्ज्ञांनी लाकूड तपासायला घेतले. लाकडातल्या राळेशी क्लोरीनने जी संयुगे केली, ती साध्या मिठाने होत नाहीत. साक्षीदार असा आडवळणाने शोधावा लागतो.

या सगळ्यावर नियमांचे छत्र आहे ते रासायनिक अस्त्र कराराचे. २९ एप्रिल १९९७ पासून तो लागू झाला आणि त्याची संघटना हेगला आहे. त्याच वर्षी भारताने आपल्याकडे मस्टर्डचा साठा असल्याचे जाहीर केले, आणि २००९ च्या मार्चपर्यंत हजार टनांहून थोडा जास्त असलेला तो सगळा साठा नष्ट केला. संघटनेची मान्यता मिळवू पाहणाऱ्या प्रयोगशाळांची परीक्षा मोठी कडक असते. नमुन्यांत डिझेल, मेण, पॉलिमर असा कचरा मुद्दाम कालवलेला असतो आणि उत्तर पंधरा दिवसांत द्यायचे असते. प्रत्येक रसायनाची ओळख किमान दोन वेगळ्या पद्धतींनी पटली पाहिजे. जे आहे ते सापडायचे राहून गेले तर गुण कमी होतात, पण जे नाही तेच सापडल्याचे लिहिले तर सरळ नापास. या नियमात मला फार शहाणपण दिसते. न्यायाधीशाला जमते ते यंत्राला शिकवण्याचा हा प्रयत्न आहे. ग्वाल्हेर आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणच्या प्रयोगशाळांनी ही परीक्षा उतरून यादीत जागा मिळवली, ही आपल्या रसायनशास्त्राची लहान गोष्ट नव्हे.

माती नसेल, बॉम्बचा तुकडा नसेल, तर माणूसच पुरावा होतो. विष विकराला चिकटलेले असते, आणि त्या जोडातून ते पुन्हा सोडवून घेता येते. डच शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये फ्लोराइड वापरून जपानमधल्या बाधितांच्या जपून ठेवलेल्या रक्तातून सरिन परत मोकळे करून दाखवले. आता तर विकराचे तुकडे करून, विष चिकटलेला नेमका तुकडा मास स्पेक्ट्रोमीटरवर वाचतात. मस्टर्डच्या खुणा रक्तातल्या हिमोग्लोबिनवर राहतात, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे पुरावाही तितके दिवस रक्तात फिरत राहतो.

ही शिडीची सर्वांत वरची पायरी. तळाची पायरी जॉर्ज एल्मनने १९६१ मध्ये घडवली. रक्ताच्या थेंबातले कोलिनेस्टरेज किती जिवंत आहे हे पिवळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायचे. साधा रंगमापक, थोडी रसायने, काही मिनिटे. तिला विषाचे नाव कळत नाही, पण माणूस बुडतो आहे की पोहतो आहे हे कळते. २०१७ मध्ये यवतमाळला नेमकी हीच पायरी डळमळीत होती.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, म्हणून फवारा वरून अंगावर येत होता. पाठीवर पंप, अंगात रोजचा सदरा, तोंडाला फार तर दस्ती. दवाखान्यात आठशेच्या आसपास रुग्ण आले, वीसहून अधिक दगावले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. चर्चेत नावे आली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, डायफेन्थियुरॉन. यातली पहिली दोन ऑर्गनोफॉस्फरसवाली, म्हणजे सरिनची भावंडे, त्यांच्यावर अॅट्रोपिन लागू पडते. तिसरे वेगळ्याच कुळातले, त्याने कोलिनेस्टरेज त्या रीतीने मरत नाही. शेतात तर दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवलेली. अशा वेळी रक्ताची चाचणी डॉक्टरच्या हाती असली तर कोणाला अॅट्रोपिन किती द्यायचे हे अंदाजावर सोडावे लागत नाही. जिल्ह्यात ही चाचणी वेळेवर आणि सहज मिळत नव्हती, हा मुद्दा तेव्हा वारंवार पुढे आला.

नावाच्या उशिराची किंमत आपल्या देशाने याआधीही मोजली आहे. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये टाकी क्रमांक ६१० मधून मिथिल आयसोसायनेट सुटले, आणि बाधितांच्या रक्तात सायनाइड आहे की नाही या वादात सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने अडकून पडली. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुले गेली. तेलातले मोनोक्रोटोफॉस न्यायवैद्यक प्रयोगशाळेने ओळखले, पण तो अहवाल येईपर्यंत काही दिवस उलटले होते.

युद्धाच्या विषासाठी आपण जगाच्या तोडीची नजर कमावली. फवारणीच्या विषासाठी, जे दर हंगामात येते, ती नजर तालुक्याला उतरलीच नाही. यात पैशाची अडचण मला मुख्य वाटत नाही. एका मास स्पेक्ट्रोमीटरच्या किमतीत एल्मनच्या कितीतरी चाचण्या होतील. खरी अडचण अशी की ही चाचणी एकदाच करून भागत नाही. कोलिनेस्टरेजची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. एकाची घसरलेली पातळी दुसऱ्याच्या चांगल्या पातळीएवढी असू शकते. म्हणून फवारणीच्या आधीचा आकडा हवा, त्याच माणसाचा. कॅलिफोर्नियाने १९७४ पासून असे औषध हाताळणाऱ्या मजुरांसाठी हंगामाआधीचा आकडा घेण्याचा नियम केला आहे. आकडा ठरावीक टक्क्यांनी खाली गेला की त्या माणसाला फवारणीतून बाजूला काढतात. तांबड्या पेशींतले विकर नव्या पेशींबरोबर दिवसाला साधारण एक टक्का भरून येते, म्हणजे खाली गेलेला माणूस आठवडेच्या आठवडे कमकुवत असतो आणि पुढच्या फवारणीला तो त्याच अवस्थेत उभा राहतो.

नेरडीगोंड्यात मृगाचा पाऊस लागला की सरकी टोबतात. पहिले औषध त्यानंतर काही आठवड्यांनी निघते, रोपावर चार-सहा पाने आली आणि तुडतुडे दिसू लागले की. रक्ताचा तो आधीचा थेंब घ्यायचा तर याच मधल्या दिवसांत, पंप अजून गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो तेव्हा.